मत्स्यालयाचे पाणी नितळ करण्यासाठी पावडर फिल्टर लावावा की कार्बन?

हौशी कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी आहे. हिशेबाने तीत १५९ लिटर पाणी मावते. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात १३० लिटरच्या आसपास पाणी असावे. टाकी सुरू करून सात महिने झाले असून तीत चार गोल्डफिश आहेत. बाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर आहे आणि त्यात खालून वर जाताना जाड स्पंज, सिरॅमिकच्या नळ्या आणि शेवटी पांढरा फ्लॉस (कापसासारखा तंतूंचा थर) असा क्रम आहे.

दोन महिन्यांपूर्वी मी टाकीतील जाडी खडी काढून बारीक वाळू घातली आणि शोभेसाठी एक लाकूड ठेवले. आठवड्याभरात पाण्याला कोऱ्या चहासारखा फिकट रंग आला. दुकानदाराच्या सांगण्यावरून दीडशे ग्रॅम दाणेदार क्रियाशील कार्बन (रंग-वास ओढून घेणारा, प्रक्रिया केलेला कोळसा) जाळीच्या पिशवीत भरून फ्लॉसच्या वर ठेवला, तेव्हा पाच दिवसांत पिवळेपणा गेला. मात्र पाणी नितळ काही झाले नाही. टाकीकडे समोरून पाहिले तर ठीक वाटते, पण लांबीच्या दिशेने पाहिले की पलीकडची काच धुक्यातून पाहावी तशी दिसते, आणि रात्री बाजूने बॅटरीचा झोत टाकला तर कवडशात धूळ तरंगावी तसे कण दिसतात. कार्बन दोनदा बदलला, प्रत्येक वेळी फिल्टर पूर्ण उघडून सगळे सामान नळाखाली स्वच्छ धुतले, कार्बनची मात्राही दुप्पट केली. धुके तसेच आहे.

आता दुसऱ्या एका दुकानात मला ‘पावडर फिल्टर’ लावण्याचा सल्ला मिळाला आहे. जलतरण तलावांच्या फिल्टरमध्ये वापरतात ती डायटम पावडर त्यात घालतात असे कळले. कार्बन जे करत नाही असे ही पावडर नेमके काय करते? दोन्ही एकाच वेळी आणि कायमचे चालू ठेवता येतात का? आणि कार्बन दर महिन्याला विकत घेण्याऐवजी घरचा लोणारी कोळसा कुटून वापरला तर चालेल का? अमोनिया वगैरेची चाचणी केलेली नाही, कारण मासे व्यवस्थित खातात आणि हिंडतात.

निवळी

कार्बनची मात्रा दुप्पट करूनही धुके हलले नाही, यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. पाणी दोन प्रकारांनी खराब दिसते. एक म्हणजे त्यात काहीतरी विरघळलेले असते, जसा लाकडातून उतरलेला टॅनिनचा रंग किंवा माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून साठत जाणारा पिवळेपणा. आणि दुसरे म्हणजे त्यात काहीतरी न विरघळता तरंगत असते, मग ती माती असो, शेवाळाच्या पेशी असोत किंवा जिवाणू असोत. कार्बन पहिल्या प्रकारावर काम करतो आणि पावडर दुसऱ्या. साखर विरघळलेले पाणी कितीही बारीक कापडातून गाळले तरी गोडच राहते, आणि गढूळ पाण्यात कार्बनची पिशवी कितीही दिवस ठेवली तरी ते गढूळच राहते. आपला पिवळेपणा गेला आणि धुके राहिले, म्हणजे आपल्याकडे दोन्ही दोष एकदम होते आणि त्यांतला एकच दूर झाला.

पैसे खर्च करण्याआधी एक काम करा. टाकीतील पाणी काचेच्या उंच पेल्यात घ्या आणि न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी राखाडी थर बसला असेल तर ती वाळूतली धूळ आहे. काहीच न बसता पाणी दुधट राहिले असेल तर जिवाणूंची वाढ किंवा अतिशय बारीक चिकणमाती यांपैकी काहीतरी आहे. पांढऱ्या बशीत ओतल्यावर हिरवी झाक दिसली तर ते तरंगते शेवाळ समजावे. त्याची खात्री करायची असल्यास टाकी चार दिवस जाड चादरीने झाकून ठेवावी, कारण उजेड बंद झाला की हिरवे पाणी फिके पडू लागते. आपण वाळू नुकतीच बदलली आहे आणि गोल्डफिश दिवसभर तळ उकरत असतात, त्यामुळे माझा संशय धुळीवर आहे.

डायटम पावडर म्हणजे डायटम नावाच्या एकपेशीय शेवाळांच्या सिलिकामय कवचांचे जीवाश्म. या कवचांना असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. फिल्टरच्या कापडावर किंवा घड्यांच्या कार्ट्रिजवर या पावडरीचा एक-दोन मिलिमीटर जाडीचा लेप बसवतात आणि पाणी त्या लेपातून जाते. कापड हा केवळ आधार असतो, खरी चाळणी लेपाची. साधा फ्लॉस ज्या कणांना सोडून देतो, ते काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे कण या लेपात अडकतात. हिरवे पाणी तर काही तासांत काचेसारखे होते. जिवाणूंमुळे आलेला दुधटपणा मात्र कमी होऊन पुन्हा येतो, कारण जिवाणू गाळले गेले तरी त्यांचे अन्न, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय मळ, तिथेच राहतो.

पावडर फिल्टर कायम चालू ठेवण्याची वस्तू नाही. लेप जितका बारीक, तितका तो लवकर तुंबतो. अति गढूळ पाण्यावर लावला तर अर्ध्या तासात प्रवाह मंदावतो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तीन-चार तास चालवून काढून ठेवावा, आणि रोजचे काम आपल्या कॅनिस्टरने करावे. या गाळणीमुळे टाकीतील उपयुक्त जिवाणू निघून जातील अशी भीती काही जण घालतात. तिच्यात फारसे तथ्य नाही, कारण ते जिवाणू पाण्यात तरंगत नसून स्पंज, नळ्या आणि वाळू यांच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात.

जाता जाता, माझे टोपणनाव ज्या बीवरून घेतले आहे ती बी आमच्या आजोळी माठाच्या आतल्या अंगाला उगाळत असत, आणि तासाभरात गढूळ पाणी वर निवळत असे. ती बी काहीच गाळत नाही. ती बारीक कणांचे पुंजके करून त्यांना खाली बसवते, आणि तुरटीचेही तसेच आहे. परंतु यांपैकी काहीही माशांच्या टाकीत टाकू नका. तुरटीने पाण्याची क्षारता घटते, सामू (पीएच) खाली येतो आणि आम्लधर्मी पाण्यात ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना घातक ठरते.

प्रयोगशाळेतला

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे कार्बन आणि कोळसा यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो. निवळीताईंनी पावडरीचे काम नेमके सांगितलेच आहे.

क्रियाशील कार्बन रंग ‘गाळत’ नाही. रंगद्रव्याचे रेणू त्याच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतात, आणि या क्रियेला अधिशोषण म्हणतात. सगळे सामर्थ्य पृष्ठभागाच्या क्षेत्रफळात असते. नारळाच्या करवंटीपासून किंवा दगडी कोळशापासून चांगला कार्बन करताना तो आधी हवेविना जाळतात आणि नंतर ८०० ते १००० अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्यावरून वाफ नेतात. वाफ आतून कोरत जाते आणि इतकी सूक्ष्म छिद्रे तयार होतात, की एक ग्रॅम कार्बनचे एकूण पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाते. आपल्या दीडशे ग्रॅमच्या पिशवीत १५ हेक्टरांचे, म्हणजे ३७ एकर शिवाराएवढे पृष्ठफळ घडी घालून ठेवले आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

लोणारी कोळशावर ही दुसरी प्रक्रिया झालेली नसते. त्याचे पृष्ठफळ त्या मानाने फारच कमी असते, आणि त्यात राख असते. राखेतील क्षार पाण्यात उतरले की सामू वर जातो. कुटलेल्या कोळशाची काजळी पाण्यात पसरून आणखी वेगळेच धुके येईल ते निराळेच. म्हणून तो विचार सोडून द्यावा. वापरलेला कार्बन घरच्या ओव्हनमध्ये भाजून ‘ताजा’ होतो, हेही खरे नाही. ओव्हन दोन-अडीचशे अंशांपर्यंत जातो. त्याने कार्बन वाळेल, पण छिद्रांत घट्ट बसलेली द्रव्ये जळून जाणार नाहीत.

कार्बन काय करत नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. तो टॅनिन, दुर्गंध, क्लोरीन आणि बरीचशी औषधे काढतो. अमोनिया, नायट्रेट आणि पाण्याचा जडपणा यांवर त्याचा उपयोग होत नाही. मॅलेकाइट ग्रीन किंवा मेथिलीन ब्लू देऊन उपचार चालू असतील तर कार्बन आधी बाहेर काढावा लागतो, अन्यथा औषध माशांपर्यंत पोचण्याऐवजी पिशवीत जाऊन बसते. उपचार संपल्यावर तोच कार्बन पुन्हा ठेवला की पाण्यात उरलेले औषध उतरते. तीन-चार आठवड्यांनी छिद्रे भरतात आणि वरून जिवाणूंचा थर चढतो. त्यानंतर तो रंग ओढत नाही, केवळ जिवाणूंना राहायला एक जागा म्हणून उरतो.

दोन्ही एकत्र वापरण्याबद्दल विचारले आहे, त्यासाठी भुकटी स्वरूपातील क्रियाशील कार्बन मिळतो. दाणेदार कार्बनमध्ये रेणूला दाण्याच्या आतवर शिरायला वेळ लागतो, म्हणून आपल्याला पाच दिवस थांबावे लागले. भुकटीत हे अंतर अतिशय लहान असल्याने तोच रंग काही तासांत उतरतो. परंतु ही भुकटी पिशवीत राहत नाही, त्यामुळे डायटम पावडरीचा लेप आधी बसवून त्यावर ती थोडी सोडतात; लेप तिला धरून ठेवतो आणि काम झाले की दोन्ही एकदम टाकून देतात. ही खरोखर सुंदर युक्ती आहे, पण लेप कच्चा बसला तर टाकीत शाई ओतल्यासारखे होते. पहिल्याच प्रयत्नात करू नये.

डायटम मातीचे नाव निघाले म्हणून एक अवांतर. आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले, त्यात नायट्रोग्लिसरीन शोषून घेण्यासाठी हीच माती वापरली होती. सच्छिद्रतेचा गुण तोच, उपयोग मात्र किती वेगळा!

सांगलीचा टाकीवाला

वरील दोघांनी शास्त्र सांगितले. मी हात पोळून घेतलेले सांगतो.

तयार डायटम फिल्टर आपल्याकडच्या दुकानांत सहसा दिसत नाही, त्यामुळे मी घरीच जुळवला. आरओ यंत्राच्या आधी भिंतीवर लावतात ते दहा इंची हाऊसिंग (फिल्टरचे बंद नळकांडे), त्यात धुऊन वापरता येणारे घड्यांचे कार्ट्रिज आणि मागे एक लहान पंप, एवढेच सामान लागते. जलतरण तलावांसाठी साधारण एका चौरस मीटर गाळणपृष्ठाला अर्धा किलो पावडर असे प्रमाण धरतात. आपल्या लहान कार्ट्रिजच्या घड्या दाट असतात आणि एवढी पावडर त्यांत गच्च बसून प्रवाह अडतो, म्हणून मी पाऊण वाटीवर थांबतो. पावडर बादलीतील पाण्यात कालवायची आणि बादलीतूनच पाणी फिरवत राहायचे. सुरुवातीला ताकासारखे दिसणारे पाणी पाच-दहा मिनिटांत स्वच्छ झाले, म्हणजे लेप बसला. त्यानंतर पंप बंद न करता प्रवाह टाकीकडे वळवायचा असतो. त्यासाठी पंपाच्या आत येणाऱ्या नळीला टी जोडून दोन कॉक लावावेत, आणि टाकीकडचा कॉक उघडल्याखेरीज बादलीकडचा बंद करू नये.

पंप बंद का करायचा नाही? हा लेप केवळ पाण्याच्या दाबाने कापडाला धरून असतो. प्रवाह थांबला की तो गळून पडतो आणि पंप पुन्हा सुरू झाला की थेट टाकीत जातो. माझ्याकडे एका दुपारी भारनियमनात वीज गेली, तासाभराने आली, आणि मी कामावरून परतलो तेव्हा टाकी म्हणजे चुना कालवलेले भांडे झाले होते. मासे वाचले, पण पाणी पुन्हा स्वच्छ व्हायला दोन दिवस गेले. तेव्हापासून समोर बसायला वेळ असेल तेव्हाच मी हा फिल्टर लावतो.

पावडरीची निवडही नीट करावी. जलतरण तलावाची पावडर भाजलेली असते आणि गाळण्यासाठी तीच योग्य असते. धान्याला कीड लागू नये म्हणून मिळणारी न भाजलेली पावडर फार बारीक असल्याने फिल्टर लगेच तुंबतो. पण भाजलेल्या पावडरीत स्फटिकरूप सिलिका असते आणि तिची कोरडी धूळ फुप्फुसांत जाणे धोक्याचे असते. खाणकामगारांना होणारा सिलिकोसिस याच कारणाने होतो. नाका-तोंडावर चांगला मास्क लावून, पंखा बंद करून, पिशवीतून हळूच काढून ती लगेच पाण्यात भिजवावी. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. पाण्यात भिजल्यावर तिची काही भीती नाही.

खरे सांगायचे तर आपल्या वर्णनातील धुक्यासाठी मी पहिल्यांदा पावडर वापरणारच नाही. त्याच हाऊसिंगमध्ये ५ मायक्रॉनचा साधा पांढरा स्पन (दाबून गुंडाळलेल्या तंतूंचा) फिल्टर घाला. त्याला लेप लागत नाही, वीज गेली तरी काही सांडत नाही, किंमत कमी असते आणि वाळूची धूळ तो सहज धरतो. पावडर शेवटच्या चकाकीसाठी ठेवा.

कमी मासे जास्त पाणी

वरची सगळी माहिती उपयुक्त आहे, पण मूळ प्रश्नात दोन वाक्ये अशी आहेत की ती वाचून मला धुक्यापेक्षा माशांची काळजी वाटली.

पहिले वाक्य म्हणजे आपण दोनदा फिल्टरचे ‘सगळे सामान नळाखाली स्वच्छ धुतले’. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते असतेच मुळी जिवाणू मारण्यासाठी. स्पंज आणि सिरॅमिकच्या नळ्यांवर अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जे जिवाणू सात महिन्यांत वाढले होते, त्यांना आपण कार्बन बदलण्याच्या निमित्ताने दोनदा मोठा धक्का दिला आहे. त्याआधी खडी काढून टाकली, म्हणजे तिच्यावरचेही गेले. अशी वसाहत नव्याने उभी राहायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. त्या काळात पाण्यात मळ साठतो, त्यावर दुसरे जिवाणू फोफावतात आणि पाणी दुधट होते. तेव्हा आपले धुके काही अंशी आपल्याच स्वच्छतेने आणलेले असू शकते.

दुसरे वाक्य म्हणजे अमोनियाची चाचणी केलेली नाही. पाणी नितळ असणे आणि पाणी माशांना मानवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमोनियाला रंग नसतो. तो पावडरीने अडत नाही, कार्बनला चिकटत नाही आणि काचेसारख्या पाण्यातही मासे मारतो. आज दुकानातून थेंबांची चाचणी आणा आणि पावडरीचा विषय तोवर बाजूला ठेवा. १३० लिटरमध्ये चार गोल्डफिश हे प्रमाणही जास्त आहे. हे मासे पोट भरेपर्यंत न थांबता खातात, तेवढीच घाण करतात आणि वितीएवढे वाढतात.

निवळीताईंशी माझा एक लहानसा मतभेद आहे. लाकडाचा रंग काढायलाच हवा असे नाही. टॅनिन माशांना अपाय करत नाही. रंग डोळ्यांना खटकत असेल तर लाकूड काढून चार-पाच वेळा पाणी बदलत उकळावे, म्हणजे दर महिन्याचा कार्बनही वाचतो.

निवळी

मतभेद मान्य आहे. मी रंग काढता येतो एवढेच म्हटले होते. तो काढलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. चाचणीचा मुद्दा मात्र मी प्रश्न वाचताना निसटू दिला, तो आपण धरलात हे बरे झाले.

हौशी कोथरूडकर

आपणा सर्वांच्या उत्तरांनंतर दहा दिवसांत जे केले ते लिहितो, कारण अर्धे उत्तर माझ्या पेल्यातच होते.

पेल्यातील पाण्याच्या तळाशी सकाळी राखाडी रंगाचे स्पष्ट कडे दिसले, तरी वरचे पाणी किंचित दुधट राहिले होते. म्हणजे धूळ होती आणि तिच्या जोडीला दुसरेही काहीतरी होते. त्याच संध्याकाळी अमोनियाची चाचणी केली आणि ती लिटरला ०.५ मिलिग्रॅम निघाली. मासे हिंडतात-खातात यावरून मी जे गृहीत धरले होते ते चुकीचे ठरले. लगेच एकतृतीयांश पाणी बदलले, नव्या पाण्यात क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट घातले, खाद्य निम्म्यावर आणले आणि एक दिवसाआड चाचणी करत गेलो. फिल्टरला हात लावला नाही. आठव्या दिवशी अमोनिया शून्यावर आला आणि दुधटपणाही त्याच सुमारास ओसरला.

धुळीसाठी सांगलीकरांनी सांगितल्याप्रमाणे दहा इंची हाऊसिंगमध्ये ५ मायक्रॉनचा स्पन फिल्टर लावून दोन दिवस चालवला. तो बाहेर काढला तेव्हा मुलतानी मातीत बुडवल्यासारखा दिसत होता. वाळू घालताना मी ती तीनच पाण्यांत धुतली होती, हेही इथे कबूल करतो. आता लांबीच्या दिशेने पाहिले तरी पलीकडचे लाकूड स्वच्छ दिसते. बॅटरीच्या झोतात अजून थोडे कण दिसतात, पण तेवढ्यासाठी पावडर लावावी का, याबद्दल मी साशंक आहे. लाकूड उकळून परत ठेवले असून कार्बनची पिशवी तूर्त फिल्टरमध्येच आहे. ती केव्हा काढावी?

कमी मासे जास्त पाणी

पिशवीवर आता थोडेफार जिवाणू बसले असतील, म्हणून आणखी तीन आठवडे तिला हलवू नका. सलग तीन चाचण्यांत अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की काढा, आणि त्या दिवशी स्पंज धुऊ नका. स्पंज धुण्याची वेळ येईल तेव्हा टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो दोन-तीनदा पिळला की पुरे. चार माशांपैकी दोघांसाठी दुसरे घर मात्र शोधायला लागा.

सांगलीचा टाकीवाला

झोतातल्या त्या उरलेल्या कणांसाठी पावडर लावू नका, असे माझेही मत आहे. गोल्डफिश आहेत तोवर ते कण उद्या पुन्हा उठणार. घरी पाहुणे येणार असतील आणि हौस करायचीच असेल तर एखाद्या रविवारी, वीज जाणार नाही अशी वेळ पाहून, तीन तास लावा. नंतर वापरलेली पावडर ओली असतानाच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. मोरीत ओतलीत तर ती पाइपमध्ये बसते, आणि कार्ट्रिजवर सुकू दिलीत तर पुढच्या वेळी झटकताना तिची धूळ नाकात जाते.